सात महिने चिनीत धीर देऊन झाल्यावर

चीनमधल्या सुझौला राहायला आल्यावर जोशात चिनी शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचे वर्षभराचे 298 युआन भरले. धडे, चाचण्या, रोजची आठवण हे सगळ्या अ‍ॅपांत असतं तसंच, त्यावर वेळ घालवत नाही.

राग एकाच धड्यावर आहे, 'धीर देणे'. मेइ क्वानशी, मेइ श, पिए तानशिन, फांगशिन या चौघांपुढे एकच अर्थ: 'काळजी करू नका'. मी विश्वास ठेवला. मार्चमध्ये शेजारच्या आयी (मावशीच म्हणा, इथे त्या वयाच्या बाईला अशीच हाक मारतात) लिफ्टमध्ये म्हणाल्या, नवऱ्याला दवाखान्यात ठेवलंय. मी ऐटीत म्हणालो, "मेइ क्वानशी." बाईंचा चेहरा उतरला. ऑफिसात कळलं की समोरच्याचा पाय आपल्या पायावर पडला आणि त्याने माफी मागितली, तर म्हणायचं ते. म्हणजे मी त्यांना 'त्यात काय एवढं' असं ऐकवून आलो होतो! हवं होतं पिए तानशिन, ह्वेइ हाओ त. म्हणजे काळजी नको, होतील बरे. संध्याकाळी दार वाजवून "तुइपुछी", म्हणजे माफ करा, म्हणालो. आयी हसून म्हणाल्या, "मेइ क्वानशी." धडा तिथे झाला, फुकटात.

अ‍ॅपातल्या उच्चार तपासणाऱ्या माइकलाही दोन महिने शिव्या घातल्या, कारण हेच 'मेइ क्वानशी' म्हटलं की लाल फुली. पण चूक माझी निघाली. शेवटचा 'शी' मी चिनीतल्या चौथ्या, वरून खाली पडणाऱ्या सुरात दणकून म्हणायचो, इथे तो हलकाच सोडतात. तैवानमध्ये माझा चालला असता. तेवढे शब्द मागे.

देवनागरी उच्चार मात्र इंग्रजीवरून उचललेत. 'बिए दानशिन' कशाला? तो सरळ आपला प आणि त आहे. निरोप देताना म्हणतात ते 'मान चोउ', शब्दशः 'हळू चाला', आपलं 'सावकाश जा'. त्यातला च चुलीतला. अ‍ॅपात 'झोऊ'! मराठी माणसाला आयता मिळणारा उच्चार यांनी घालवला.

फांगशिन मात्र मनापासून आवडला. फांग म्हणजे ठेवणं, शिन म्हणजे काळीज. काळीज खाली ठेवा. आपला जीव भांड्यात पडतो, त्याच घरातला शब्द.

हिशोब केला. सात महिन्यांत खऱ्या माणसांशी बोललेली वाक्यं बारा, म्हणजे एक जवळपास 25 युआनला पडलं. उरलेल्या पाच महिन्यांचे पैसे परत मागितले. चॅटवर लगेच उत्तर आलं, "छिंग फांगशिन", कृपया निश्चिंत राहा. त्याला आज अकरा दिवस झाले.

पाचपैकी अडीच. पैसे आले तर तीन करीन.