ऑब्सेशन की द डूम्सडे मशीन? एकच बघायचा असेल तर

जुन्या स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ मालिकेतला "मनाला खात राहणारी चूक" या विषयावरचा एकच एपिसोड बघायचाय तर हे दोन समोर येतात. दोन्ही दुसऱ्या सीझनचे, १९६७ चे. डूम्सडे २० ऑक्टोबरला लागला, ऑब्सेशन १५ डिसेंबरला. (पुढे शेवट फोडलेत, साठ वर्षं होत आली आता, चालतंय.)

डूम्सडेमधे कमोडोर डेकरचं जहाज निकामी होतं म्हणून तो आपली ४०० माणसं जवळच्या तिसऱ्या ग्रहावर उतरवतो, आणि ते ग्रह खाणारं यंत्र नेमका तोच ग्रह फोडून खातं. माणसं याला हाका मारतायत, हा जहाजावर एकटा, काहीच करता येत नाही. मालिकेचा हिरो, एंटरप्राइझ जहाजाचा कॅप्टन कर्क म्हणतो तिसरा ग्रह नाहीचे तिथे, त्यावर डेकर जे ओरडतो ना, डेकर झालेल्या विल्यम विंडमने तो सीन खाऊन टाकलाय. मग गडी एंटरप्राइझ ताब्यात घेऊन परत त्याच यंत्रावर धडकायला निघतो आणि शेवटी शटल घेऊन एकटाच त्याच्या तोंडात जातो. यंत्र दिसायला जरा भाजलेल्या वांग्यासारखं आहे पण सॉल कॅप्लनचं संगीत असलं भारी की तिकडे लक्षच जात नाही.

ऑब्सेशनमधे डोक्यात खूळ शिरलंय ते खुद्द कर्कच्या. ११ वर्षांपूर्वी फॅरागट जहाजावर लेफ्टनंट असताना मधासारखा गोड वास येणाऱ्या, रक्त शोषणाऱ्या ढगावर फेझर (किरणांचं हत्यार) मारायला तो क्षणभर कचरला आणि कॅप्टनसकट २०० माणसं गेली. आता तोच वास पुन्हा आला म्हटल्यावर हा दुसऱ्या जहाजाकडून तातडीची औषधं घ्यायची सोडून ढगामागे लागतो, आणि त्याच कॅप्टनचा मुलगा गॅरोविक तसाच कचरला म्हणून त्याला केबिनमधे बसवतो! राग मुलावर नाहीचे हो, स्वतःवर आहे. नंतर कळतं की फेझरचा ढगावर काहीच परिणाम होत नाही, म्हणजे वेळेत मारला असता तरी ती २०० माणसं वाचली नसती. ११ वर्षं उगाच. मला हे डेकरच्या मरणापेक्षा जास्त लागलं. बाकी एपिसोड मधे रेंगाळतो, आणि ढग हा काय व्हिलन आहे का, दिवाळीच्या धुरासारखा दिसतो.

थरार हवा असेल, सोबत ट्रेक कधीच न बघितलेलं कोणी असेल तर डूम्सडे लावा, पन्नासेक मिनिटं कोणी जागचं हलणार नाही. पण खरंच ती आतली टोचणी बघायची असेल तर माझं मत ऑब्सेशनला.

आणि दोन्ही बघणार असाल तर आधी डूम्सडेच बघा, कारण त्यात डेकर जहाज पणाला लावतोय म्हणून कर्क त्याच्यावर जाम उखडतो, आणि बरोबर आठ आठवड्यांनी स्वतः तेच करताना त्याचे साथीदार स्पॉक नि डॉक्टर मॅकॉय समजवायला आले तर त्यांच्यावरच भडकतो.