सरळ धाव, गॅलप की दुहेरी ठोके: डबल पेडलवर आधी काय बसवावे

इंदुरात मेटल संगीत वाजवणाऱ्या ड्रमरला सरावासाठी मिळते ती बहुधा कोणाच्या तरी गच्चीवरची खोली, आणि वेळ मिळतो तो खालच्या मजल्यावरच्या काकू बाजारात जाऊन परत येईपर्यंतचा. निकोटीनसारखा मेटल बँड २००६ साली याच शहरात उभा राहिला, तरी जागेची ही अडचण काही सुटलेली नाही. सरावाची मिनिटे मोजकी असली, की डबल पेडलवर, म्हणजे एकच बेस ड्रम दोन्ही पायांनी वाजवायच्या जोडपेडलवर, पायांचा कोणता क्रम आधी बसवायचा हे नीट ठरवूनच बसावे लागते.

सरळ धाव म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा, मात्रेला चार ठोके, मध्ये खंड नाही. मोटरहेड या बँडच्या १९७९ सालच्या ‘ओव्हरकिल’मध्ये ड्रमर फिल टेलरने अशाच धावेवर सगळे गाणे पेलले आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) सेकंदाला आठ ठोके होतात, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला चार. २०० बीपीएमला पायामागे साडेसहाहून अधिक होतात. या क्रमात कुठला पाय कच्चा आहे ते लपत नाही. मी एकदा दोन्ही बीटरना (पेडल दाबले की ड्रमवर आदळणाऱ्या दांड्यांना) पांढरा खडू लावून काळ्या रबरी पॅडवर एक मिनिट वाजवून पाहिले, तेव्हा उजवीकडे ठसठशीत गोल उमटला आणि डावीकडे नुसता धुरकट पट्टा, तोही बोटभर खाली सरकलेला. कानाला मात्र तोपर्यंत सगळे समान वाटत होते. डावा पाय जोडदांड्यामार्फत बीटर हलवतो, त्यामुळे त्या बाजूचे पेडल मुळातच किंचित जड लागते. त्यात डाव्या पायाला आयुष्यभर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दाबून धरण्याचीच सवय. म्हणून रोजच्या सरावातला निम्मा वेळ धाव डाव्या पायाने सुरू करावी, असे माझे मत आहे.

गॅलपमध्ये मात्रेचे चार भाग धरून पहिला, तिसरा आणि चौथा भाग वाजतो. घोड्याच्या टापांसारखा एक लांब आणि दोन आखूड. ही चाल गिटारवाल्याच्या उजव्या हातातून येते, आणि ड्रमरने तिच्याशी पाय जुळवायचे असतात. निवडीचा खरा पेच इथे आहे, कारण हाच ताल दोन प्रकारे वाजवता येतो. पहिल्या प्रकारात धावेतला दुसऱ्या भागावरचा डावा ठोका फक्त गाळायचा, म्हणजे उजवा, मग उजवा-डावा. मात्रा नेहमी उजव्या पायावरच पडते, हाय-हॅटवरचा उजवा हात आणि उजवा पाय एकत्र चालतात, आणि गॅलपमधून सरळ धावेत शिरताना काहीच बदलावे लागत नाही, गाळलेला ठोका तेवढा परत घालायचा. किंमत अशी, की दोन मात्रांत उजव्याला चार ठोके पडतात आणि डाव्याला दोनच, त्यामुळे लांब गाण्यात उजवी नडगी आधी भरून येते. दुसऱ्या प्रकारात पाय काटेकोर आलटून पालटून पडतात: एका मात्रेला उजवा-डावा-उजवा, पुढच्या मात्रेला डावा-उजवा-डावा. दोघांना तीन-तीन ठोके मिळतात, श्रम समान वाटले जातात, पण प्रत्येक मात्रेला पुढाकार घेणारा पाय बदलतो आणि हात स्थिर नसतील तर सम हरवते. मात्रेला तीन ठोक्यांचे तिगुनी भाग वाजवताना हा बदल आपोआपच येतो, तेव्हा ज्यांच्या गाण्यांत तिगुन वारंवार आहे त्यांनी दुसरा प्रकार अंगवळणी पाडावा. बाकीच्यांनी पहिलाच धरावा. गाणे मध्येच धावेत वळते तेव्हा त्याची सोय कळते.

दुहेरी ठोके म्हणजे उजवा-उजवा-डावा-डावा, पायाच्या एका हालचालीत दोन आघात. कोणी ते टाच आणि चवडा वापरून काढतात, कोणी पेडलवर पाय आडवा सरकवून. २०० बीपीएमला पायामागच्या मोठ्या हालचाली सेकंदाला साडेसहावरून सव्वातीनपर्यंत उतरतात, हे आकर्षण मोठे आहे. दुसरा आघात मात्र बहुतेकांचा दुबळा पडतो. बेस ड्रमवर ट्रिगर बसवला असेल तर तो प्रत्येक आघातासाठी ठरलेला आवाज वाजवतो आणि हा दुबळेपणा झाकून टाकतो. कॉलेजच्या महोत्सवात, एकच माइक ड्रमसमोर ठेवलेला असताना, तो ठोका गिटारखाली गडप होतो. शिवाय संथ लयीत दोन आघातांमधले अंतर बीटरच्या उसळीवर सोपवता येत नाही, आणि तीन-पाच ठोक्यांचे तुटक तुकडे वाजवताना जोडी मध्येच मोडावी लागते. मेशुगा या बँडच्या २००८ सालच्या ‘ब्लीड’मधला दोन आखूड, दोन लांब असा हर्टा नावाचा चार ठोक्यांचा तुकडा ऐकून अनेक जण थेट या तंत्राकडे धावतात, पण ज्याची सरळ धाव १८० बीपीएमला दोन मिनिटे टिकत नाही, त्याने तो मोह तूर्त आवरावा.

माझा क्रम असा: डाव्या पुढाकारासह सरळ धाव, मग गॅलपचा पहिला प्रकार, आणि बँडची गाणी २०० बीपीएमच्या वर जाणार असतील तरच दुहेरी ठोके. गच्चीवरच्या खोलीत हे विशेष लागू पडते, कारण तिथे आपण रबरी पॅडवर वाजवतो, आणि पॅडची उसळी ड्रमच्या कातड्यापेक्षा वेगळी असते. उसळीवर बेतलेले दुहेरी ठोके खऱ्या ड्रमवर स्प्रिंग बदलून पुन्हा बसवावे लागतात, एकेरी ठोक्यांना तो त्रास बराच कमी होतो.