आठ महिने, एक ड्रायव्हर आणि त्याच्या पोटातला खुळखुळा

हा गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब (काठी). ४६० सीसीचं डोकं, साडेदहा अंशांचा लॉफ्ट (डोक्याच्या पुढच्या बाजूचा तिरकेपणा), मानेपाशी कोन बदलायची सोय. बाकी कागदावरचं तुम्ही वाचलेलंच असणार, ते सोडतो. मी लिहायला बसलोय ते आवाजासाठी.

पाचव्या महिन्यात एका सकाळी ड्रायव्हर बॅगेतून काढला आणि आतून 'टिक' झालं. हलवला, पुन्हा टिक. डोक्याच्या पोकळीत सुकलेल्या गोंदाचा कपचा सुटला होता. दोनशे ग्रॅमच्या डोक्यात त्याचं वजन ते काय, फटक्याला काडीचा फरक पडत नाही, हे मलाही कळतं. पण बॉलवर उभं राहिल्यावर क्लब जरा मागेपुढे हलवायची सवय असते ना, नेमका तेव्हा तो वाजायचा आणि माझं सगळं लक्ष त्याच्या पोटात जायचं. मग बॉल उजवीकडे झाडीत. तीन मिनिटं शोधायची, नाही सापडला तर दंड घेऊन पुन्हा टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी. दोष कुणाचा? कपच्याचा.

कंपनीला मेल केली. उत्तर आलं, आवाज नीट ऐकू येईल असा व्हिडिओ पाठवा. रात्री अकरा वाजता बाथरूमचं दार लावून मी एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हर खुळखुळवत उभा राहिलो. बाहेरून बायको, "अरे, काय चाललंय आत?" काय सांगणार! नऊ दिवसांनी निकाल लागला: आवाजाने कामगिरीवर परिणाम होत नाही, सबब वॉरंटीत बसत नाही. म्हणजे तडा गेला असता तर बदलून मिळाला असता. मी आणखी तीन मेल केल्या. तिन्हींना तेच उत्तर, माझ्या नावातल्या चुकीसकट.

दरम्यान स्लाइस, म्हणजे बॉलचं असं उजवीकडे वळत जाणं, वाढतच होती. लॉफ्ट एक अंशाने वाढवला की फेस (बॉलला लागणारी पुढची बाजू) थोडा डावीकडे मिटतो, म्हणून पाना घेऊन तेही करून पाहिलं. चालू राउंडमध्ये सेटिंग बदलायला नियमाने मनाई आहे, नाहीतर मी प्रत्येक टीवर पाना काढून बसलो असतो. दोन आठवडे बॉल शहाण्यासारखा गेला, मग परत उजवीकडे.

इथपर्यंतचं मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं, खाली दोन तारे. टाकलं नाही ते बरं झालं.

आमच्या चौकडीत एक काका आहेत. सल्ला देत नाहीत, म्हणून मला आवडतात. त्या दिवशी मी कपच्याचं पुराण लावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ग्लोव्ह दाखव." डाव्या ग्लोव्हला तळहाताच्या मागच्या टोकाशी भोक. आधीच्या दोन ग्लोव्हनाही तिथेच पडलं होतं. मी माल हलका म्हणून मोकळा झालो होतो. "बोटांत नाही, तळव्यात धरतोस. वर गेल्यावर क्लब हातात फिरतो, मग खाली येताना आवळतोस." मग त्यांनी ड्रायव्हरची ग्रिप उलटी धरली. उजव्या अंगठ्याखाली रबराची नक्षी साफ गेलेली, तिथे चक्क खळगा.

साधारण चाळीस राउंडनंतर ग्रिप बदलावी म्हणतात. मी सरावाच्या रेंजवरचे हजारो बॉल हिशेबात धरलेच नव्हते, आणि ग्रिप साबणाने धुऊन पैसे वाचवतोय अशी माझी समजूत होती. गुळगुळीत ग्रिप निसटते, म्हणून आवळायची. आवळली की मनगटं गोठतात, फेस उघडाच राहतो. बॉल निघतो मुख्यतः फेस बघतो तिकडे, आणि स्विंग त्याच्या डावीकडे चालली असली की पुढे आणखी उजवीकडे वळतो.

घरी येऊन हे सांगितलं तर बायकोने माझा दात घासायचा ब्रश आणून समोर धरला. केस चारी दिशांना पिंजारलेले. "आणि नळ तू बंद केलास की मला उघडत नाही, हे किती वर्षं सांगतेय?"

नवी ग्रिप मीच बसवली. जुनी कापून काढली, दुतर्फा चिकटणारी टेप लावली, त्यावर द्रावण ओतून ग्रिप एका दमात सरकवायची असते. मी मध्ये दम घेतला. दोन बोटं राहिली असताना ती अडली, पुन्हा द्रावण, पुन्हा ओढाताण. नक्षी थोडी तिरकी बसलीय. स्लाइस गेली नाही, पण आता बॉल निदान रफमध्ये, कडेच्या लांब गवतात, सापडतो.

ड्रायव्हर चांगला आहे. फेसच्या टोकाला लागलेला बॉलही बरा जातो. चार तारे, पाचवा आवाजाचा, तो देणार नाही.

कपच्याचं काय, तर तळाचं वजन असलेला स्क्रू काढून आत न वाळणारा चिकट गोंद सोडला आणि कपचा अडकेपर्यंत डोकं हलवलं. पाच मिनिटांचं काम. आधी आणि नंतर डोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, दोन ग्रॅम वाढलेत. हा आकडा मी कंपनीला मेलने कळवलाय. अजून उत्तर नाही.