थांबवायचा की पळू द्यायचा? डॉगवॉक आणि ए-फ्रेमवरून उतरण्याच्या दोन पद्धती

ॲजिलिटीत, म्हणजे मालकाच्या इशाऱ्यावर कुत्रा ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करतो त्या खेळात, उड्या आणि बोगदे कुत्रा चटकन शिकतो. नागमोडी काठ्यांना महिने जातात, पण तिथे निदान काय शिकवायचं याबद्दल वाद नसतो. डोकं खाजवायला लावतात ते चढ-उताराचे अडथळे. डॉगवॉक (अरुंद पूल) आणि ए-फ्रेम (इंग्रजी A अक्षरासारख्या टेकवलेल्या दोन तिरक्या बाजू) यांवरून उतरताना कुत्र्याने तळाशी थांबायचं, की पळतच पुढे जायचं? इंग्लंड-अमेरिकेत क्लबला जाऊ लागलेले मराठी लोक विचारतात, आणि पुण्या-मुंबईत गच्चीवर फळी टाकून सराव करणारेही विचारतात. बहुतेकांनी जागतिक स्पर्धेतल्या एखाद्या बॉर्डर कॉलीचा व्हिडिओ पाहिलेला असतो आणि मनातल्या मनात "पळतच" असं ठरवूनही टाकलेलं असतं. माझं मत आधीच सांगते: डॉगवॉकवर बहुतेकांनी थांबवावं, ए-फ्रेमवर बहुतेकांनी पळू द्यावं.

मुळात भांडण त्या रंगीत पट्ट्याचं आहे. डॉगवॉक म्हणजे तीन फळ्यांचा अरुंद पूल. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान-संघटनेच्या नियमांनुसार एकेक फळी 3.60 ते 3.80 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद असते, मधली फळी जमिनीपासून 1.20 ते 1.30 मीटर उंचीवर. चढाच्या आणि उताराच्या फळीचा खालचा 90 सेंटिमीटरचा भाग वेगळ्या रंगात रंगवतात, बहुधा पिवळ्या. उतरताना त्यावर निदान एक पाऊल पडलंच पाहिजे. कुत्र्याने वरूनच झेप घेऊन खांदे मोडून घेऊ नयेत, म्हणून हा नियम. पट्टा चुकला की पंचाचा हात वर जातो. एफसीआयच्या आणि ब्रिटिश केनेल क्लबच्या स्पर्धांत त्याचे 5 दोष लागतात, अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धेत तर ती फेरी पात्रच धरत नाहीत. म्हणजे बाकी सगळी फेरी लोण्यासारखी झाली तरी एका पावलापायी पाणी फिरतं.

पॅपिलॉन किंवा शेल्टीसारख्या छोट्या कुत्र्याला 90 सेंटिमीटर भरपूर झाले. तो पळाला तरी एखादं पाऊल बहुधा पट्ट्यात पडतं. लांब ढांगेच्या कुत्र्याची एकच झेप मात्र त्या पट्ट्याहून मोठी असते. त्याला मोकळं सोडलं, तर पट्ट्यात पाऊल पडणं हा नशिबाचा भाग. दोन्ही पद्धती हे नशीब हटवण्यासाठीच आहेत, फक्त रस्ते वेगळे.

थांबण्याची पद्धत

हिला सगळे "टू-ऑन टू-ऑफ" म्हणतात: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, आणि रिलीजचा, म्हणजे "आता सुट" असं सांगणारा, शब्द येईपर्यंत तसंच उभं राहायचं. मोठी गंमत म्हणजे सुरुवातीला डॉगवॉक लागतच नाही. सोसायटीच्या जिन्याची शेवटची पायरी पुरते. कुत्र्याला बाजूने पायरीवर चढवायचं, पुढचे पाय खाली येऊ द्यायचे, आणि पायांसमोर जमिनीवर ठेवलेल्या छोट्या चकतीला नाक लागलं की खाऊ द्यायचा. खाऊ नेहमी खाली, पायांच्या मध्ये. तुमच्या हातातून वर दिलात तर कुत्रा मान वर करून तुमच्याकडे बघत बसतो, आणि स्पर्धेत हीच मान वळते, मग मागचा भाग फळीवरून बाजूला घसरतो.

नीट शिकलेला कुत्रा त्या जागी कसा उभा असतो ते एकदा जवळून बघा. बसलेला नसतो. मागचे गुडघे किंचित वाकलेले, वजन मागच्या पायांवर, नाक खाली, आणि कान तुमच्या आवाजाकडे. तुम्ही त्याच्या बाजूने पळत पुढे गेलात, मागे राहिलात, खाली वाकून बूट बांधलात, तरी हलत नाही. हे "तरी हलत नाही" मिळवायलाच खरा वेळ जातो. रिलीजचा शब्द रोजच्या बोलण्यातला नको. "चल" आपण दिवसभर कुणाला ना कुणाला म्हणतच असतो.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा वेगाशी संबंधित नाहीच. कुत्रा खाली थांबलेला असताना तुम्हाला पुढच्या जागी पोचायला वेळ मिळतो. पुढे उजवीकडचा बोगदा आहे की डावीकडची उडी, हे शांतपणे सांगता येतं. पंचेचाळिशीनंतर ॲजिलिटी सुरू केलेल्या, गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला हा अर्धा सेकंद सोन्याचा आहे. शिवाय फळी रबराची असो वा खरखरीत रंगाची, जमीन गवताची असो वा रेतीची, तळाशी थांबायचं म्हणजे थांबायचंच.

ही पद्धत बिघडते ती कुत्र्यामुळे क्वचितच. स्पर्धेत अंगात संचारल्यासारखे आपण पळतो, कुत्रा थांबायच्या आतच रिलीज देऊन मोकळे होतो, आणि दोन-चार स्पर्धांत त्याला पक्कं कळतं की स्पर्धेच्या मैदानात थांबायची गरज नसते. मग सरावात शहाणा, स्पर्धेत मोकाट. यावर उपाय एकच: स्पर्धेतही थांबा मागायचा, नाही थांबला तर ती फेरी सोडून द्यायची. ब्रिटन-अमेरिकेत स्पर्धेची फेरी सराव म्हणून पळायची मुभा असते, तिचा वापर करावा. प्रवेश फी भरून दोष घ्यायला जिवावर येतं खरं.

पळत उतरण्याची पद्धत

स्लोव्हेनियाच्या सिल्विया त्रकमान यांनी ही पद्धत जगभर पोचवली. कल्पना सरळ आहे. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कुत्र्याने झेप न घेता पळायचं, एवढ्याचंच बक्षीस. ते पक्कं झालं की फळी काही सेंटिमीटरने उचलायची, परत पक्कं करायचं, परत उचलायची. कुत्र्याला पट्टा दाखवत नाही, धावण्याची लय शिकवतो. ती लय बसली की पाय आपोआप पट्ट्यात पडतात. चांगली उतरण बघण्याआधी ऐकू येते: शेवटच्या फळीवर टपटप अशी एकसारखी पावलं पडतात. झेप असेल तर मध्येच आवाज तुटतो आणि मग जमिनीवर एकदम धप्प.

ऐकायला छान आहे, पण किंमत बघा. उंची कमी-जास्त करता येणारा डॉगवॉक हवा, तो आठवड्यातून अनेकदा वापरायला मिळायला हवा, आणि पुनरावृत्ती शेकड्यांनी मोजायच्या. पूल उभारला की दहा मीटरच्या वर लांब, त्यात पळत यायला आणि पळत सुटायला जागा वेगळी. आठवड्यातून एकदा तासभर क्लबला जाणाऱ्याचं हे काम नाही. त्यात बक्षीस द्यायचं की नाही हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पाऊल पट्ट्यात पडलं की वरच्या बाजूला, हे पळत्या कुत्र्यावर नुसत्या नजरेने ओळखणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. फोन स्टँडवर लावून स्लो-मोशनमध्ये दरवेळी तपासावं लागतं. चुकीच्या झेपेला चार वेळा खाऊ दिलात की झेपच शिकवलीत म्हणायची.

एवढं करून सरळ पळणं आलं की वळणं बाकीच असतात. उतरल्या उतरल्या डावीकडे वळायचं असेल तर कुत्र्याला ते फळीवर असतानाच कळायला हवं, आणि लय न मोडता वळता यायला हवं. बरेच जण त्यासाठी वेगळी आज्ञा, म्हणजे जवळजवळ वेगळा अडथळा शिकवतात. शिवाय तिरकं चढला, आधीची उडी जवळ होती, फळीचा पृष्ठभाग नवा होता, अशा कशानेही ढांग बदलते.

मिळतं काय? वेगवान कुत्र्याला एका डॉगवॉकवर साधारण अर्धा ते एक सेकंद. सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदक ठरतं तिथे हा फरक प्रचंड आहे. सुरुवातीच्या श्रेणीत मात्र तेवढा वेळ आपण एका उडीनंतर कुत्र्याला रुंद फिरवून घालवतो, आणि नागमोडी काठ्यांत शिरायची पहिली फट चुकली की त्याहून जास्त.

ए-फ्रेमचा हिशेब उलटा का

डॉगवॉकचा उतार सुमारे 20 अंशांचा आहे. ए-फ्रेमचं टोक 1.70 मीटर उंच, बाजू सुमारे 40 अंश. दुप्पट तिरक्या उतारावर, वरून वेगाने येऊन पुढच्या पायांवर गच्चकन थांबायचं म्हणजे सगळा भार मनगटांवर आणि खांद्यांवर. ॲजिलिटीच्या कुत्र्यांच्या दुखापतींच्या पाहण्यांत खांदा नेहमी वरच्या ओळींत असतो. रंगीत पट्टाही इथे 106 सेंटिमीटरचा, म्हणजे मोठा. उतरताना कुत्र्याच्या ढांगा एक किंवा दोनच पडतात, त्यामुळे लय शिकवणं डॉगवॉकपेक्षा पुष्कळ सोपं. बरेच प्रशिक्षक पट्ट्यावर प्लास्टिकच्या पाइपची चौकट ठेवतात, कुत्रा तिच्या आत पाऊल टाकून जातो, आणि सवय झाल्यावर चौकट काढून टाकतात. वजनदार लॅब्रॉडोर असेल किंवा लांब पाठीचा डॅशहंड, तर ए-फ्रेमवर थांबा शिकवूच नये असं मला वाटतं.

सी-सॉमध्ये, म्हणजे मधल्या टेकूवर वर-खाली होणाऱ्या फळीवर, निवडच नाही. फळीचं टोक जमिनीला टेकेपर्यंत कुत्र्याने वर राहायलाच हवं, त्यामुळे तिथे थांबणं आलंच. डॉगवॉकवर थांबा शिकलेल्या कुत्र्याला सी-सॉ त्यामुळे अर्धा आलेलाच असतो.

शरीर आणि वय

एफसीआयच्या स्पर्धांत 18 महिन्यांआधी, अमेरिकन केनेल क्लबमध्ये 15 महिन्यांआधी कुत्रा उतरवता येत नाही. पूर्ण उंचीचे अडथळे त्याआधी कितीतरी महिने सुरू करायची घाई लोक करतात. करू नये. जमिनीवरची फळी आणि जिन्याची पायरी मात्र पिल्लू असतानाही चालते, म्हणजे दोन्ही पद्धतींचा पाया घालता येतो.

थांब्याला मागच्या पायांची ताकद लागते. पायरीवर उलट्या पावलांनी चढणं, जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून सावकाश चालणं, बसल्यावरून पुढचे पाय न हलवता उठणं, एवढं रोज थोडं थोडं केलं तरी फरक पडतो. पळण्याला अंगाची सरळ रेषा आणि हलकं वजन लागतं. बरगड्या बोटांना लागत नसतील तर आधी वाटी कमी करा, पद्धत मग ठरवा. आणि नखं कापलेली असू द्या.

महाराष्ट्रात फळी बनवून घेणार असाल तर सुताराला मरीन प्लायच सांगा, बारा इंच रुंद, रंगात बारीक वाळू मिसळून. साधं प्लाय एका पावसाळ्यात फुगतं, आणि ओल्या गुळगुळीत फळीवर घसरलेला कुत्रा पुढे कित्येक आठवडे फळीकडे फिरकत नाही. गच्चीवर फळी जमिनीलाच राहू द्या, कठड्याजवळ तर नकोच. एप्रिल-मेमध्ये उन्हं उतरल्याशिवाय तळव्यांना तापलेली फळी लागू देऊ नये.

मग कुणी काय करावं

छोटा, आखूड ढांगेचा कुत्रा असेल आणि तुम्ही चांगले पळत असाल, तर डॉगवॉकवरही पळवून बघायला हरकत नाही. स्वतःची जागा आणि उपकरणं आहेत, पहिल्या स्पर्धेला वर्ष लागलं तरी चालेल, आणि मोठ्या स्पर्धांवर डोळा आहे, अशांनीही पळतच शिकवावं, आणि ते पहिल्यापासून. थांबा शिकलेल्या कुत्र्याला नंतर त्याच डॉगवॉकवर पळायला लावणं फार चिवट काम आहे. तो खालच्या टोकाला येताच ढांग आखडतो, कारण तिथे थांबल्याबद्दल वर्षभर खाऊ मिळालेला असतो. उलट दिशेने, पळण्याकडून थांबण्याकडे येणं तुलनेने सोपं, पण मधल्या काळात दोन्ही बिघडलेलं असतं.

बाकी सगळ्यांनी, म्हणजे आठवड्यातून एक वर्ग, घरी जिना, नोकरी सांभाळून सराव करणाऱ्यांनी, डॉगवॉकवर थांबा शिकवावा. क्लबमध्ये नाव घालण्याआधी तिथे विचारून घ्या की त्यांच्या डॉगवॉकची उंची बदलता येते का, आणि वर्गाच्या वेळेबाहेर तो वापरायला मिळतो का. यातलं एकही उत्तर "नाही" असेल, तर पळत उतरण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि ए-फ्रेमसाठी पाइपची चौकट तेवढी मागून घ्या.