शार्लमेनच्या वंशासाठी मोजलेले १,८५० डॉलर

आमच्या जावयाचे घराणे कॅनडातील फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांताचे. विहीणबाईंच्या सत्तरीला त्यांची फ्रेंच वसाहतकाळापर्यंतची वंशावळ भेट द्यावी, या हेतूने मी एका स्वयंघोषित वंशसंशोधकाला तीन हप्त्यांत १,८५० कॅनेडियन डॉलर दिले आणि बदल्यात मला बनावट कागद मिळाले. ३५० डॉलर प्राथमिक शोधाचे, ९०० फ्रान्समधून नकला आणण्याचे आणि ६०० मोहोर व कुलचिन्ह असलेल्या प्रमाणपत्राचे. (कुलचिन्ह व्यक्तीला किंवा तिच्या वंशाला मिळते, आडनावाला नव्हे. नुसत्या आडनावावरून ते विकणारा दिसला की तिथूनच मागे फिरावे.)

गळ हुशारीने टाकलेला होता. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने स्वखर्चाने वसाहतीत पाठवलेल्या सुमारे ८०० तरुणींपैकी कातरीन बायों हिचा वंश मध्ययुगीन युरोपचा सम्राट शार्लमेन याच्यापर्यंत पोहोचतो, हे अभ्यासकांनी खरोखरच दाखवून दिले आहे. १६६९ मध्ये जाक मिव्हिल याच्याशी तिचा विवाह झाला, हेही खरे. त्यामुळे मी जेवढे पडताळून पाहिले तेवढे सगळे बरोबर निघाले. खोटा होता तो मधला एकच सांधा, म्हणजे विहीणबाईंच्या पूर्वजाला तिच्या मुलीशी जोडणारी, १७०४ ची म्हणून पाठवलेली विवाहनोंद.

त्या नोंदीत वधूच्या आईचे नाव ‘कातरीन मिव्हिल’ असे लिहिले होते. मी ते बोट ठेवून वाचले, मोठे करून पाहिले, जावयालाही दाखवले. न्यू फ्रान्सच्या, म्हणजे या फ्रेंच वसाहतीच्या, चर्चच्या नोंदवह्यांत स्त्रीची नोंद मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने होत असे, आणि विवाहनोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे असल्यामुळेच तिथली वंशावळ पिढीमागून पिढी मागे नेता येते. म्हणजे तिथे ‘बायों’ हवे होते. पण लग्नानंतर रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत बाईचे आडनाव बदलताना पाहत आलेल्या माणसाला ते खटकावे तरी कसे? आणि दप्तर ज्याच्या ताब्यात त्याला दक्षिणा द्यावी लागते, हे आम्ही त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरून शिकलेलो. इथे मात्र क्यूबेकच्या कॅथलिक नोंदवह्यांची पाने फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, आणि माँट्रियल विद्यापीठात १९६६ पासून वसाहतकाळातील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एकमेकांशी जुळवून ठेवण्याचे काम झालेले आहे. नोंदीची फक्त प्रतिमा पाठवून पॅरिश (नोंद ज्या चर्चच्या हद्दीतली ते), तारीख आणि पान सांगायला टाळाटाळ करणाऱ्याला एक डॉलरही देऊ नये.

आणखी एक कागद तर निव्वळ निर्लज्जपणाचा होता : क्यूबेकमधील १६३८ च्या विवाहनोंदीचे ‘मूळ पान’. १६४० च्या आगीत तिथल्या चर्चच्या नोंदवह्या जळाल्या आणि आधीच्या नोंदी नंतर आठवणीतून पुन्हा लिहून काढाव्या लागल्या. वंशावळ मंडळाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका वृद्ध बाईंनी तो कागद पाहताक्षणी बाजूला सारला.

त्यानंतर सुरू झाले ते अधिक संतापजनक होते. बँकेने सांगितले की ई-ट्रान्स्फर तुम्ही स्वतःच मंजूर केली आहे आणि रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली आहे, तेव्हा आमचा संबंध संपला. पोलिसांनी तक्रार लिहून घेण्यापूर्वीच हा दिवाणी वाद असल्याचे ठरवून टाकले, तीनशे वर्षांपूर्वीची सरकारी दर्जाची नोंद बनावट करणे हा दिवाणी वाद कसा, यावर समोरच्या अधिकाऱ्याने मला विचारले, “पण तुम्हाला प्रमाणपत्र मिळाले ना?” ग्राहक कार्यालयाने विक्रेता प्रांताबाहेरचा असल्याचे कारण दिले, त्या दुसऱ्या प्रांताने ग्राहक आमच्याकडचा नसल्याचे, आणि फसवणुकीच्या तक्रारी नोंदवणाऱ्या केंद्राने एक क्रमांक देऊन, वैयक्तिक प्रकरणांचा तपास आपण करत नसल्याचे अत्यंत सौजन्याने कळवले. प्रत्येकाला तेच कागद, त्याच क्रमाने, पुन्हा हवे होते. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान दाद मागता आली असती. ‘कार्डावर शुल्क लागते’ असे सांगून ई-ट्रान्स्फर मागणाऱ्यापासून म्हणूनच सावध राहावे.

हे सर्व चालू असताना त्या गृहस्थाने ‘राजवंशाच्या नोटरीकृत दाखल्या’साठी आणखी ४७५ डॉलर मागितले. ते मी दिले नाहीत. त्याची जाहिरात अजून चालू आहे, फक्त आता तो १७५५ मध्ये हद्दपार झालेल्या अकेडियन (कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील फ्रेंच वसाहतकरी) कुटुंबांचे पूर्वज शोधून देतो. ज्यांच्याकडे त्याने पाठवलेली १७०४ ची विवाहनोंद आली असेल, त्यांनी पुढचा हप्ता देण्याआधी वधूच्या आईचे आडनाव पाहावे आणि त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार पुसून टाकू नये.