फायझर की मधमाश्या: प्रबंधासाठी कुठला निकाल धरावा?

एलएल.एम.ला 'सावधगिरीचे तत्त्व (धोक्याचा पक्का पुरावा नसतानाही आधीच खबरदारी घ्यावी, हे) आणि युरोपीय न्यायालये' हा विषय घेतला की गाडी इथे अडते: लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाचा 2002चा फायझर निकाल धरायचा, की 2018चे मधमाश्यांचे?

फायझरचे प्रकरण पशुखाद्याचे. जनावरांचे वजन भराभर वाढावे म्हणून खाद्यात व्हर्जिनियामायसिन हे प्रतिजैविक मिसळत. 1998च्या डिसेंबरात युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने त्यावर बंदी घातली. तीही संघाच्याच तज्ज्ञ समितीने 'तातडीचा धोका नाही' असे सांगितल्यावर! ते बनवणारी फायझर कंपनी न्यायालयात गेली, पण न्यायालयाने बंदी राखली. पक्का पुरावा हाती येईपर्यंत थांबायचे कारण नाही, पण धोका नुसता कल्पनेतला असूनही चालणार नाही. आणि समितीचे ऐकायचे नसेल तर तिच्या तोडीची शास्त्रीय कारणे द्या, असे न्यायालय म्हणाले. तत्त्वाची इतकी स्वच्छ मांडणी क्वचित सापडते. मात्र परिच्छेद पाचशेहून जास्त. विज्ञानात आपले मत घुसडायचे नाही असे म्हणता म्हणता न्यायाधीश उंदरांवरच्या डॅनिश प्रयोगात बरेच खोल उतरतात. मला तरी तोच भाग सगळ्यात रंजक वाटला.

मधमाश्यांचे निकाल एकाच दिवशी आले, 17 मे 2018ला. मधमाश्यांना धोका म्हणून घातलेले, तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांवरचे निर्बंध टिकले, फिप्रोनिल या आणखी एका कीटकनाशकावरचे बहुतांशी उडाले. (हो, आपल्याकडे मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी फवारतात तेच.) निर्बंध घालणारा युरोपीय आयोग तोच, वर्षही तेच, 2013. पण फिप्रोनिलच्या वेळी निर्बंध घातले तर काय होईल आणि न घातले तर काय, याचा आढावाच आयोगाने घेतला नव्हता. तो घ्यावा असे आयोगाच्याच 2000 सालच्या सावधगिरीवरील निवेदनात लिहिलेले! म्हणजे खटला विज्ञानाने नाही, फाइलने घालवला. निओनिकोटिनॉइडच्या निकालावर बायर या उत्पादक कंपनीने केलेले अपील 2021 मध्ये फेटाळले गेले.

भारताशी तुलना करायची असेल तर फायझर घ्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणावरच्या 1996च्या वेल्लोर निकालात हे तत्त्व स्वीकारले. त्याच्याशेजारी फायझर ठेवला की पुरावा किती लागतो हा प्रश्न थेट समोर येतो. तसे नसेल तर माझे मत मधमाश्यांना. दोन निकाल, एक तारीख, उलट शेवट. एवढी तयार तुलना मार्गदर्शकही नाकारणार नाही. सुरुवात फिप्रोनिलपासून करा, तो निकाल त्यातल्या त्यात आटोपशीर आहे.