लातूरहून आणलेले ब्रेकचे पाइप

सोयाबीन मोंढ्यावर टाकून येताना पिकअपचं पेडल खाली जायला लागलं. बघतो तर पुढच्या दोन्ही रबरी पाइपांना चिरा, एकातून ऑइल पाझरतंय. लातूरच्या दुकानदारानं जुना पाइप शेजारी धरून, लांबी जुळवूनच जोडी दिली, हे आवडलं. तांब्याचे वायसर मात्र मागावे लागले. जुनेच बसवले की गळती ठरलेली! नट जाम होते, पण त्यानंच सुचवलेल्या फ्लेअर पान्यानं (नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना) कडा न झिजता सुटले. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना बायको पेडलवर, मी चाकाशी. ‘दाबू का सोडू?’ शेवटी बुडबुडे थांबले. डॉट ४ ब्रेक ऑइलचा थेंब मडगार्डवर पडला, तेवढा रंग गेला. लगेच पाणी मारायला पाहिजे होतं. पेडल आता वरच लागतंय.